सर्दी घरात कुणी आणली?

पत्र थोडक्यात असं : ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्या, खासगी कंपनीत नोकरी करणाऱ्या ३३ वर्षांच्या एका वाचक भगिनींनी लिहिलं आहे. घरात नवरा, साडेतीन वर्षांचा मुलगा आणि ६७ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना मधुमेह आणि जुना दमा. मुलगा जूनमध्ये प्लेग्रुपला जायला लागला आणि दिवाळीपर्यंत सहा वेळा आजारी पडला. कधी नुसती सर्दी, कधी ताप, एकदा हातापायांवर फोड. ऑगस्टमधल्या तापाच्या वेळी सासूबाईंनाही लागण झाली, दमा उसळला आणि पाच दिवस ॲडमिट करावं लागलं. तेव्हापासून घर बिघडलं आहे. मुलाचे डॉक्टर 'व्हायरल आहे' म्हणून फक्त तापाचं औषध देतात. नवऱ्याला ते पटत नाही, तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून 'मागच्या वेळी लागू पडलेलं' औषध परस्पर आणतो. नणंद म्हणते, इम्युनिटी कमी आहे, टॉनिक द्या. सासूबाईंना काही महिने सांगलीला धाकट्या दिरांकडे ठेवावं असं नवऱ्याचं मत. नातेवाईक म्हणतात, शाळा वर्षभर बंद करून हिनेच नोकरी सोडावी. हिच्या रजा संपल्या आहेत. शेवटी त्या विचारतात, 'मी स्वच्छता पाळते, घरचंच खायला घालते. मग मी कुठे कमी पडतेय?'

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचे प्रश्न त्याच्याच पोटात आहेत. तुम्ही कुठेही कमी पडत नाही आहात. धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही, हिशेब करून म्हणते. तीस वर्षं पुण्यात दवाखाना चालवला, त्यामुळे पत्र वाचतानाही हात आपोआप कागदावर तारखा मांडतो. जून ते दिवाळी पाच महिने, सहा आजारपणं. नुकत्याच शाळेत जायला लागलेल्या मुलाला वर्षात आठ-दहा वेळा, कधी बारा वेळाही सर्दी-ताप होतो. मोठ्या माणसालाही दोन-तीनदा होतोच. पावसाळ्यात तर अशा आजारांना भरतीच येते. तुमचा मुलगा या हिशेबात बरोब्बर बसतो.

'व्हायरल' हा शब्द आपण अशा थाटात वापरतो की जणू ते एकाच कुणाचं नाव आहे आणि तोच मेला दर महिन्याला परत येतो. सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत. त्यात एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेच्या आसपास प्रकार. एकाशी ओळख झाली म्हणून दुसरा सोडत नाही. प्रत्येकाची पहिली गाठ कधीतरी पडायचीच असते. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टक्सन शहरात संशोधकांनी मुलांच्या सर्दीची नोंद जन्मापासून तेरा वर्षांपर्यंत ठेवली. मोठ्या पाळणाघरात वाढलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी सर्दी जास्त झाली, पण सहा ते अकरा या वयात घरी वाढलेल्या मुलांपेक्षा कमी झाली. तेराव्या वर्षी दोघं बरोबरीत आले. म्हणजे वर्षभर शाळा बंद केलीत तर ही आजारपणं रद्द होणार नाहीत, बरीचशी पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढतील. एक मात्र कबूल करते. वय वाढतं तशा श्वासनलिका रुंद होतात, त्यामुळे तान्ह्याला जड जाणारा विषाणू मोठ्या मुलाला हलका जातो. घरात दोन-तीन महिन्यांचं बाळ असतं तर शाळेबद्दल मी इतक्या ठामपणे बोलले नसते.

इम्युनिटीचं म्हणाल तर नणंदबाईंना एवढंच विचारा की दोन आजारपणांच्या मध्ये मुलगा कसा असतो? तुम्हीच लिहिलंय, 'ताप उतरला की घर डोक्यावर घेतो', वजनही जूनपेक्षा वाढलं आहे. खरोखर प्रतिकारशक्ती कमी असलेली मुलं अशी नसतात. त्यांना न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो, गळवं होत राहतात, साध्या आजारालाही सलाइन आणि इंजेक्शनं लागतात, वजन वाढत नाही. तसं असेल तर टॉनिकवर थांबायचंच नाही, तपासण्या करायच्या. आणि तसं नसेल तर टॉनिकची गरज नाही. त्या साडेचारशे रुपयांची अंडी, फळं, शेंगदाण्याचे लाडू आणा. केळं आणि दही थंड म्हणून बंद केलंय असंही लिहिलंत. चालू करा. सर्दी विषाणूने होते, केळ्याने नाही, आणि आजारी पोराला जे दोन घास जातात तेच आपण काढून घेतो.

आता सगळं घर ज्यावर भांडतंय त्याकडे वळते. सासूबाईंना लागण कुणामुळे झाली? पत्राचा सूर असा की नातवामुळे. पण तुमच्याच पत्रात मधे एक ओळ आहे, तुम्ही भरभर लिहून पुढे गेलात : 'त्या आठवड्यात आधी यांचा घसा धरला होता.' आणखी एक : 'मंगळागौरीच्या जागरणाला आई गेल्या होत्या.' म्हणजे संशयित तीन झाले. सकाळच्या गर्दीच्या लोकलने जाणारे तुमचे यजमान, श्रावणातल्या बंद हॉलमध्ये झिम्मा-फुगडी बघायला जमलेल्या पन्नास बायका, आणि प्लेग्रुपचा नातू. फ्लूचा माणूस स्वतःला काही जाणवायच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू वाटत असतो, आणि आत शिरल्यापासून एक ते चार दिवसांत कधीही लक्षणं दिसतात. कुणी कुणाला दिला, हे चार माणसांच्या घरात कुणालाही सिद्ध करता यायचं नाही. आणि गंमत बघा, मुलाची शाळा बंद करायचं निघालं, तुमची नोकरी निघाली, लोकलने येणाऱ्या माणसाने नोकरी सोडावी असं कुणाला सुचलं नाही. सुचू नयेच म्हणा. पण तुमची सुटावी असंही सुचायला नको होतं.

नवऱ्याबद्दल थोडं. त्यांची बाजू मला कळते. पोर तापाने फणफणलेलं असताना 'काही करायचं नाही, थांबायचं' हे ऐकणं फार अवघड असतं. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत ते नीट सांगू शकले नाही. साध्या सर्दीला अँटिबायोटिक लिहून दिली आहेत, आई-वडिलांच्या चेहऱ्याकडे बघून. पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल ही भीतीही होतीच. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी ती लिहिली नाही, याचा अर्थ ते त्या बाबतीत माझ्यापेक्षा धीराचे आहेत. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूवर तिचा काही परिणाम होत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा होतो तो जंतू बळावल्याने असं सगळ्यांना वाटतं. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका द्रव्याचा असतो, लढाई चालू असल्याची खूण. सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त असते, आठवड्याभरात उतरते, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. आता चौथ्या दिवशी वैतागून औषध आणलं आणि सहाव्या दिवशी पोर खेळायला लागलं, तर श्रेय औषधाला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, दुसरं काय?

फ्रिजच्या दारात ऑगस्टमधली अँटिबायोटिकची अर्धी बाटली अजून आहे, असं तुम्ही लिहिलंत. ती आज काढून टाका. पावडरीत पाणी घालून केलेलं ते औषध बाटलीवर लिहिलेल्या दिवसांपुरतंच, म्हणजे आठवडा ते दोन आठवडे टिकतं. मात्र अँटिबायोटिक कधीच नको असंही मनात धरू नका. ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढला, कान ठणकायला लागला, पाचव्या दिवशीही ताप हटत नाही, अशा वेळी डॉक्टरांनी तपासून दिली तर ठरल्या दिवसांपर्यंत पूर्ण द्या.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या खोकल्याच्या औषधाची मला जास्त काळजी वाटते. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या कफ सिरपने वीसहून अधिक मुलं गेली. किडन्या निकामी झाल्या होत्या. बऱ्याच मुलांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. त्या मुलांना मुळात झालं काय होतं, तर सर्दी, खोकला, ताप. त्याच वेळी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली शक्यतो टाळावीत. औषध शुद्ध असलं तरी या वयात त्याचा उपयोग फारसा नसतो, गुंगी मात्र येते. साडेतीन वर्षांच्या मुलाला रात्री खोकल्याची ढास लागली तर अर्धा चमचा मध द्या. वर्षाखालच्या बाळाला मात्र मधाचं बोटसुद्धा नाही, त्यातून जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. नाक चोंदलं तर साध्या मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब. वाफेचं भांडं मुलाजवळ नकोच. सर्दी त्याने लवकर बरी होत नाही, आणि उकळतं पाणी मांडीवर सांडून भाजलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता तुमच्या औषधांच्या कप्प्यासमोर मी उभी आहे असं समजा. तापाच्या औषधाच्या, पॅरासिटॅमॉलच्या, बाटल्या बाहेर काढा. एका बाटलीवर '५ मिलीत १२५ मिग्रॅ' लिहिलं असेल, दुसरीवर '५ मिलीत २५० मिग्रॅ'. नाव तेच, रंगही बहुधा तोच, ताकद दुप्पट. 'एक चमचा द्या' हे वाक्य म्हणूनच फसवं आहे. मुलाचं वजन तुम्ही १४ किलो लिहिलंत. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिग्रॅ, म्हणजे १४० ते २१० मिग्रॅ. त्याचे आपल्या बाटलीतले मिली किती होतात ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि चिकटपट्टीवर लिहून बाटलीलाच लावा. दोन डोसांत चार तासांच्या आत काही नाही, शक्यतो सहा तास जाऊ द्या, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. मोजायला बाटलीबरोबरचं टोपण किंवा सिरिंज, स्वयंपाकघरातला चमचा नको. सर्दीच्या तयार सिरपमध्ये पुष्कळदा पॅरासिटॅमॉल असतंच, ते आणि हे मिळून नकळत दुप्पट जातं. आणि औषध द्यायचं ते पोराला बरं वाटावं म्हणून. १०० ताप असून तो गाड्या खेळत असेल तर आकडा खाली आणायची घाई नको. अंगावर गोधड्या घालू नका, बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्याही नकोत.

हे काम नवऱ्याकडे सोपवा. खरंच सांगते. एक वही, तारीख, ताप, डोसची वेळ, लघवी किती वेळा झाली. आणि त्यांना श्वास मोजायला शिकवा. मूल शांत झोपलेलं असताना सदरा वर करायचा, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावायचं, पोट किती वेळा वर आलं ते मोजायचं. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त असेल, बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी उठायचं आणि न्यायचं. आठ-दहा तास लघवी नाही, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, ताप कमी असतानाही मलूल पडून आहे, मान ताठरली, ओठ निळसर दिसले, तरी तसंच. काही मुलांना तापात आकडी येते. बघणाऱ्याचा जीव जातो, पण बहुतेक वेळा ती काही मिनिटांत थांबते. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल काही हुंगवू नका. पहिल्यांदाच आली असेल तर थांबली तरी दवाखान्यात न्या, पाच मिनिटांत थांबली नाही तर ताबडतोब निघा. असं बघायला आणि मोजायला हातात काही असलं की घरातल्या पुरुषाचे पाय मेडिकलकडे कमी वळतात, हा माझा अनुभव.

पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत आपल्याकडे आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. सर्दी-खोकला काही नाही आणि ताप मात्र जोराचा, डोळ्यांमागे दुखतंय, अंग मोडून आलंय, तर डेंग्यू डोक्यात ठेवा. तो तपासून 'नाही' म्हणेपर्यंत पॅरासिटॅमॉलच, दुसरी कुठलीही वेदनाशामक गोळी नाही. डेंग्यूत धोक्याचे दिवस ताप उतरल्यावर येतात. घरचे निवांत होतात आणि तेव्हाच पोट दुखायला लागतं, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. तिथे वाट पाहायची नसते.

आता सासूबाई. पत्रात सगळी चर्चा मुलाची आहे, पण या घरात विषाणूपासून खरा धोका कुणाला असेल तर त्यांना. ६७ वर्षं, मधुमेह, दमा. मुलगा वर्षात दहा वेळा आजारी पडला तरी उठून खेळेल. त्यांना एकदा झालं तर काय होतं ते ऑगस्टमध्ये दिसलंच. म्हणजे घराने शक्ती कुठे लावायची ते ठरलं. मुलाची प्रत्येक सर्दी अडवायच्या मागे लागण्यापेक्षा ती सासूबाईंच्या छातीपर्यंत पोचणार नाही एवढं बघायचं. हे काम पुष्कळ लहान आहे आणि जमण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट लस. पुणेकरांना २००९ चा ऑगस्ट आठवतो. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू आमच्या शहरात झाला होता, नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या होत्या, मास्क मिळेनासे झाले म्हणून लोक रुमाल बांधून फिरत होते. तोच एच१एन१ आता दरवर्षीच्या फ्लूत सामील झाला आहे, आणि दरवर्षीच्या फ्लूच्या लसीत त्याच्यावरचा भागही असतो. आपल्याकडे फ्लू दोनदा डोकं वर काढतो, पावसाळ्यात आणि मग जानेवारी ते मार्चच्या सुमारास. लस परिणाम दाखवायला दोन आठवडे घेते. म्हणून आता दिवाळीनंतर एक घ्या, आणि पुढे दरवर्षी पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये घ्यायची का, ते डॉक्टरांशी ठरवा. दमा आणि मधुमेह असल्यामुळे न्यूमोकोकसच्या लसीबद्दलही विचारा. ती जिवाणूविरुद्धची आहे, पण फ्लूच्या पाठोपाठ न्यूमोनिया करणाऱ्यांत हाच मोठा. मुलालाही फ्लूची लस देता येते. पहिल्यांदाच घेणाऱ्या नऊ वर्षांखालच्या मुलाला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. तुम्ही आणि नवऱ्यानेही घेतलीत तर सासूबाईंभोवती कुंपणच झालं. लस घेऊनही सर्दी होईल, तेव्हा 'बघ, उपयोग झाला का' असं कुणी म्हणेल. ती फक्त फ्लूची आहे, बाकीच्या दोनशेंची नाही. पण दवाखान्यात झोपवणारा फ्लू असतो.

दुसरी गोष्ट वेळेची. मुलाच्या तापाला दोन-तीन दिवस थांबून बघता येतं, सासूबाईंच्या नाही. त्यांना ताप आणि अंगदुखी सुरू झाली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. फ्लूवर ऑसेल्टामिविर नावाचं औषध आहे, ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. त्यांचा इन्हेलर भरलेला आहे का, त्या तो नीट ओढतात का, हे आत्ता, बऱ्या असतानाच डॉक्टरांसमोर दाखवून घ्या. करोनातला ऑक्सिमीटर घरात कुठेतरी ड्रॉवरमध्ये पडला असेल, त्याचा सेल बदलून ठेवा. बोट गरम करून लावा, आणि आकडा ९४ च्या खाली गेला किंवा बोलताना धाप लागायला लागली तर वाट पाहू नका. आजारपणात साखर चढते, तीही रोज बघायची. आणि तुम्ही अभिमानाने लिहिलेला तो काढा! गूळ किती घालता? मधुमेह असलेल्या बाईला दिवसातून दोनदा गुळाचा काढा चालला आहे. त्यात ज्येष्ठमध घालत असाल, तर तो रोज पोटात गेल्याने रक्तदाब वाढतो, अंगातलं पोटॅशियम कमी होतं. आलं-तुळशीचं बिनगुळाचं गरम पाणी द्या, घशाला तेवढंच बरं वाटतं.

तिसरी गोष्ट रोजच्या सवयींची. त्यांच्या लहानपणी बाहेरून आलेल्याने पाय धुतल्याशिवाय माजघरात पाऊल टाकायचं नाही असा दंडक होता. तो परत आणा, पायांबरोबर हात. शाळेतून आला की आधी मोरी, साबण, वीस सेकंद, मग आजी. साबण कुठलाही चालतो, महागडा जंतुनाशक नको. तुम्ही लिहिलंत, नातू आजीच्या ताटात जेवतो आणि उरलेलं त्या संपवतात. मला चित्र दिसलं आणि बरंही वाटलं, पण उष्टं तेवढं बंद. त्याला सर्दी असेल तेव्हा मांडीवर घ्यायला हरकत नाही, फक्त पाठमोरा बसवा, पुस्तक दाखवत. मुके ताप उतरल्यावर. पहिले तीन दिवस रात्री त्याने तुमच्याजवळ झोपायचं, आजीजवळ नाही. मोठं कुणी आजारी असेल तर सासूबाईंना जेवण वाढताना, त्यांच्या खोलीत जाताना मास्क. करोनाने आपल्याला तो शिकवला, आपण दोन वर्षांत विसरलो. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा.

आणि खिडक्या. पावसाळ्यात आपण त्या घट्ट लावून घेतो, आत ओले कपडे वाळत, चौघांचा श्वास त्याच हवेत. गार वाऱ्याने सर्दी होते ही समजूत इतकी पक्की आहे की खोकणाऱ्या माणसाच्या खोलीची खिडकी आपण सगळ्यांत आधी लावतो. नेमकं उलटं करायला हवं. समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं उघड्या ठेवा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू ठेवा. डासांसाठी जाळ्या लावून घ्या, टॉनिकचे पैसे तिथे घाला.

शाळेबद्दल. चालू राहू द्या, पण आजारी असताना पाठवायचं नाही. नाक थोडं वाहतंय आणि पोर खेळतंय, तर जाऊ द्या, नाहीतर वर्षातले निम्मे दिवस घरी बसेल. ताप असेल तर औषधाशिवाय पूर्ण २४ तास ताप नसल्यावरच पाठवायचं. सकाळी डोस पाजून सोडून यायची युक्ती सगळे करतात, तुम्हीही एकदा केल्याचं लिहिलंत. दुपारी औषध उतरतं आणि तोवर आणखी चार घरांत विषाणू पोचलेला असतो. बाईंना भेटाल तेव्हा एसी लावून दारं-खिडक्या बंद ठेवतात का, तेही विचारा. हात धुवायला लहान मुलांचा हात पोचेल असा नळ आहे का, तेही बघा. भिंतीवर कार्टून किती आहेत त्यापेक्षा हे महत्त्वाचं.

यातला खरा पेच रजांचा आहे. तुमच्या अकरा गेल्या, नवऱ्याच्या दोन. हे गणित आजाराचं नाही, घरातल्या वाटणीचं आहे. पुढच्या सहा महिन्यांत अजून चार-पाच आजारपणं येतील असं आत्ताच धरून चाला आणि कॅलेंडर समोर ठेवून ठरवा : पहिला दिवस कुणाचा, दुसरा कुणाचा, घरून काम कोण मागणार. हे पोराला ताप असताना सकाळी सात वाजता ठरवायला गेलात तर निकाल कुणाच्या बाजूने लागतो ते तुम्हाला माहीत आहे. नोकरी सोडायचीच असेल तर दुसऱ्या कुठल्या कारणाने सोडा. सर्दीसाठी नको. पुढच्या जूनपासूनच आजारपणं विरळ होऊ लागतील, आणि गेलेली नोकरी तशीच परत मिळेल याची खात्री नाही.

अशाच अडचणीतल्या इतरांसाठी दोन-चार गोष्टी. उलट्या-जुलाब विषाणूचे असले तरी औषध एकच, ओआरएस. मोठं पाकीट अख्खंच्या अख्खं एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धं पाकीट पेल्यात घालून 'थोडं थोडं' करायचं नाही, क्षार जास्त होतात. रंगीत गोड डब्यांतली पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. शेवटच्या उलटी-जुलाबानंतर ४८ तास शाळा नाही. सॅनिटायझर इथे कमी पडतो, साबणच हवा. हातापायांवर आणि तोंडात फोड येणारा तो आजार आठवड्या-दहा दिवसांत आपोआप जातो. गार दूध, ताक, पेज द्या. काही आठवड्यांनी एखादं नख गळून पडलं तर घाबरू नका, नवं येतं. विषाणू शौचातून बरेच दिवस जात राहतो, म्हणून धुवायला नेणाऱ्याने हात धुणं जास्त महत्त्वाचं. डोळे आलेल्या माणसाकडे नुसतं बघून डोळे येत नाहीत. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीत शाळकरी मुलांत डोळ्यांची साथ पसरली तेव्हा गॉगलची विक्री वाढली, पण डोळे पसरतात ते हाताने, रुमालाने, उशीच्या अभ्र्याने. आणि गोवर-रुबेलाचे दोन डोस मुलाचे झालेत का ते कार्डावर पाहून घ्या. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराने मुलं दगावली, लस राहून गेलेल्या मुलांमुळेच अशा साथी पेटतात.

राहिलं सांगलीचं. दिरांच्या घरी कॉलेजला जाणाऱ्या दोन मुली आहेत, शिवाय त्यांचं किराणा दुकान, दिवसभर माणसांची ये-जा. विषाणू तिथेही येणारच. दमा ओळखणारे डॉक्टर मात्र इथे, ऑगस्टमध्ये ज्यांनी सांभाळलं ते. आणि शाळेतून नातवाला आणायला अकरा वाजता त्याच जातात ना? त्या गेल्या तर ते कोण करणार, याचा विचार झालाय का?

चार पानांच्या पत्रात नवऱ्याचं म्हणणं आहे, नणंदेचं आहे, नातेवाइकांचं आहे, मेडिकलवाल्याचंसुद्धा आहे. सासूबाई काय म्हणतात, ते एका ओळीत नाही. त्यांना सांगलीला जायचंय का? कदाचित असेलही, बदल म्हणून. कदाचित ऑगस्टपासून त्याच मनात म्हणत असतील की आपल्यामुळे घरात भांडणं होतात. आज जेवणं झाली की त्यांच्याजवळ बसा, लसीचं सांगा, आणि विचारा. काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा.